नाव आधी, मंग गाना

आपण कुणाला नाव सांगितलं की लोक ऐकतात आणि विसरतात. हिरामणदादा नाव वाजवून बघायचे. पावणे गावातल्या त्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी डिस्पॅचच्या टेबलावर बसले, तर कानावर पेन्सिल अडकवलेला एक उंच, सावळा माणूस समोर येऊन उभा. "शैलजा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याच टेबलावर बोटांनी टक-टक-टक केलं, मान हलवली आणि म्हणाले, "शै-ल-जा. तीन ठोके. बरा हाय. हलदीत बसंल." एवढं बोलून गेलेसुद्धा! मी मनात म्हटलं, अगं बाई, कुठे येऊन पडले मी.

कारखाना स्पीकरच्या डब्यांचा. प्लायवूड कापायचं, डबे जोडायचे, रंगवायचे, आत स्पीकर बसवायचे. हिरामण म्हात्रे टेस्टिंगला. डबा तयार झाला की ते त्याच्यात गाणं लावायचे आणि तळहात डब्याच्या पाठीवर टेकवून डोळे मिटायचे. कुठे सांधा सैल असला की म्हणायचे, "हा रडतंय, परत घ्या." मशीनवाल्या पोरांनी किती हुज्जत घातली तरी डबा परत जायचाच, आणि उघडल्यावर सांधा सैलच निघायचा. मालकसुद्धा त्यांना अरे-तुरे करत असले तरी त्या हातापुढे बोलत नसत.

नोकरी कारखान्यात, पण माणूस खरा डीजे. राहणारे बोनकोड्याचे, पिढीजात आगरी. बोनकोड्यापासून उरणपर्यंत वीस वर्षं त्यांनी हळदी वाजवल्या. आता आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे काय, ते माझ्यासारख्या साताऱ्याकडून आलेल्या, सोसायटीत राहणाऱ्या बाईला आधी कुठे ठाऊक! हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं घालतात. नवरदेव, त्याचे आईबाप, काका, आत्या, सगळे. एखाद्या मामाचं नाव राहिलं तर मामा ताटावरून उठतो, आणि मग त्याला आणायला चार माणसं पाठवावी लागतात. बाकीचे डीजे नावं कुठेही कोंबतात. हिरामणदादांचा नियम एकच: "नाव आधी, मंग गाना. पावन्याला पयला पाट देताव का पयला जेवान?"

नावांना बाईचा आवाज लागायचा आणि तो माझ्या गळ्यात आला. "ताई, तुमचा बोलना साफ हाय, येक डाव बोलून बगा," असं करत करत मी बारा वर्षं बोलले. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असायच्या, तेवढ्यात काम उरकायचं. डबल अठराचा, म्हणजे अठरा इंची दोन स्पीकर मावणारा, सगळ्यात मोठा डबा आडवा ठेवायचे, आतून फोम लावलेला, आणि मी स्टुलावर बसून डोकं त्या डब्यात घालायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाईला मळमळतंय. डब्यातून मी ओरडायचे, "नवरदेवाचे मोठे मामा, धर्माशेठ!" आणि बाहेरून हिरामणदादा म्हणायचे, "ताई, मामाला जरा मान द्या, भाजी घेतल्यासारखा नका बोलू."

एकदा मी आणि आमचे हे बोनकोड्याच्या नाक्यावर भाजी घेत होतो. मांडवातून भला मोठा आवाज आला, "करवली आली होऽ, करवली!" ह्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "शैला, हा तुझा आवाज?" मी म्हटलं, छे, असतात सारखे आवाज. घरी जाईपर्यंत नवरा माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. दुसऱ्या दिवशी दादांना सांगितलं, तर डब्यावर हात आपटून आपटून हसले.

त्यांना एकच मुलगी, निकिता. बायको मुलीच्या लहानपणीच गेलेली, घरात म्हातारी आई आणि शेजारी भावांची घरं. शाळेला सुट्टी असली की निकिता बापाचा जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात यायची आणि माईक हातात घेऊन "एक दोन, एक दोन" करत बसायची. तिच्यावर दादा कधी रागावलेले मी पाहिले नाहीत. "नि-कि-ता," ते म्हणायचे, "ताई, या नावाला बीट लावायलाच लागत नाय, नावच बीट हाय." पोरगी दहावीत होती तेव्हाच बापाने तिच्या हळदीचं गाणं करून ठेवलं होतं. मी म्हटलं, अहो, तिची परीक्षा तर होऊ दे! तर म्हणाले, "नवऱ्याच्या नावाची जागा मोकली ठेवलीय. तो कोन यील त्याचा टाकू."

आला तो रॉनी. उरणजवळच्या गोदामात निकिता नोकरीला लागली, तिथलाच. चांगला मुलगा, शांत, ख्रिश्चन. तिने घरी सांगितलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. ती एक दिवस कामाला गेली ती परत आलीच नाही, लग्न करून त्याच्याच घरी गेली. म्हातारीने अन्न सोडलं. भाऊबंद जमले. कुणी वाईट होतं असं मी म्हणणार नाही. सगळे दुखावलेले होते, आणि दुखावलेली माणसं एकत्र बसली की असंच काहीतरी करून ठेवतात. म्हातारीने पाय पुढे केले आणि हिरामणदादांनी त्या पायांवर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेतली: तिला फोन करनार नाय, तिच्या दारात जानार नाय, तिचा नाव तोंडान घेनार नाय.

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, अगदी बातम्या सांगाव्यात तसं. आणि त्या दिवसापासून 'ती' म्हणायचे. "ती गेली." "तिचा डबा." नाव नाही. ज्या माणसाने हजारो लोकांची नावं गाण्यात बसवली त्याला स्वतःच्या पोरीचं नाव घ्यायची बंदी! हळदी त्यांनी बंद केल्या. "दुसऱ्याच्या पोरींची नावां वाजवायला मना आता व्हत नाय," म्हणाले. मला तेव्हा इतका राग आला होता, त्या शपथेचा, त्या पायांचा, सगळ्याचाच. पण त्या घरात माझं काय चालणार!

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, नाताळचा डान्स मिक्स करतंय. एकदम इलेक्ट्रॉनिक. परदेशात वाजतो तसा."

हळदीवाला माणूस आणि नाताळ! पण त्यांनी सगळं ठरवलं होतं. आमच्याकडून डबे नेणारा उरणचा एक साउंडवाला होता, सँड्रो. नाताळच्या दुपारी, चर्चहून लोक परत आले की निकिताच्या सासरच्या आळीत तोच वाजवायचा. डिसेंबरात तो डबे न्यायला येणार, त्याच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचा. बस्स.

आणि मग काय सांगू, महिनाभर त्या माणसाने कारखाना डोक्यावर घेतला. कुणाचीही चाल उचलायची नाही, सगळं स्वतःचं. नाताळात बर्फ पाहिजे, तर कोपरखैरण्याच्या मासळी बाजारात जाऊन कोळणी फावड्याने बर्फ फोडतात तो आवाज धरून आणला. "आपन बर्फ बगितला तो पापलेटाखालचा," म्हणाले. त्या बर्फाचा खर्र-खर्र त्यांनी ठोक्यांच्या मध्ये असा बसवला की पाय आपोआप हलावेत. नाताळबाबाच्या गाडीच्या घंटा पाहिजेत, तर बापाच्या बैलांच्या घुंगुरमाळा माळ्यावरून काढल्या. चर्चची घंटा वाशीला रस्त्यावर उभं राहून रेकॉर्ड केली, त्यात एका रिक्षाचा हॉर्न आला. मी म्हटलं, तो काढा ना. "कशाला? त्यो पन नाताळला चाललेला असंल."

मालक म्हणाले, "हिरामण, धर्म बदललास काय रे?" दादा म्हणाले, "शेठ, तुमी एकतीस डिसेंबरला केक खाताव, तवा मी काय बोललो का?" मालक हसत आत गेले.

या संगीताचं सगळं कसब एका श्वासात आहे, असं ते म्हणायचे. बीट चढवत चढवत न्यायचा, आता फुटेल असं झालं की सगळं एकदम बंद करायचं, माणसाचा श्वास अडकतो तेवढा वेळ, आणि मग धाडकन सोडायचा. त्या थांबण्याला ते 'दम' म्हणायचे. "दम धरता आला पायजे," असं म्हणून ते हात वर धरून उभे राहायचे, आणि अख्खा कारखाना हातातलं काम थांबवून त्या हाताकडे बघायचा.

मिक्स तयार झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. वहीच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं होतं: बोनकोड्याची लेक, निकिता.

"हे बोलायचा. सगल्यात आधी. मंग गाना."

मी म्हटलं, "दादा, शपथेचं काय?"

"शपथ तोंडाची हाय. तोंड तुमचा हाय."

"अहो, मग एवढं कशाला? मी सरळ तिला फोन लावते ना! आत्ता लावते."

"नाय ताई." आवाज एकदम वेगळा झाला. "मंग त्यो माजाच फोन झाला. ही गोस्ट वेगली. तिच्या आलीत गाना वाजंल, लोकांसमोर तिचा नाव यील, मानान. तिला कलंल कोनी केलाय. घुंगरा वलखंल ती."

मी डब्यात डोकं घातलं आणि बोलले. पहिल्यांदा आवाज फुटला, दुसऱ्यांदा नीट आलं. डोकं बाहेर काढलं तर ते पाठ करून उभे होते.

नाताळ झाला. सव्वीस तारखेला सँड्रोचा फोन आला, एक वायर मागायला. दादांनी विचारलं, "वाजवलास का?" तो म्हणाला, "काका, एकदम कडक! अख्खी आळी नाचली!" दादांनी फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःचा मोबाइल समोर ठेवून काम केलं. निकिताचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नवीन वर्षालाही नाही.

"राग असंल," ते म्हणाले. "असनारच."

दुसऱ्या वर्षी चिठ्ठीत एक ओळ वाढली: बाय, बरी हायस ना? तिसऱ्या वर्षी म्हातारी गेली. शेवटचे दोन दिवस म्हातारी नातीलाच हाका मारत होती, सगळ्या भावकीने ऐकलं. मी म्हटलं, दादा, आता तरी फोन करा. ते म्हणाले, "शपथेतून सोडवनारीच गेली ना, ताई. आता कोन सोडवनार?" त्या वर्षीची चिठ्ठी: आज्जी गेली, तुजाच नाव घेत व्हती. चौथ्या वर्षी: ये, बाय. दार उगडाच हाय.

चारही वेळा बोलले मी. मागून तो जोरदार बीट, बर्फ, घुंगरं, घंटा, सगळी आळी नाचायला लावणारं गाणं, आणि त्याच्या आधी हे. चारही वेळा सँड्रो म्हणाला, कडक वाजलं. चारही वेळा सव्वीस तारीख तशीच गेली. त्यानंतर दादा निकिताच्या रागाबद्दलही बोलेनासे झाले. "आयकला ना तिनं. आता तिची मर्जी," एवढंच म्हणाले, आणि मला ते ऐकून रडू आलं, तर मलाच पाण्याचा ग्लास आणून दिला.

यंदा गणपतीच्या आधी, दुपारच्या जेवणानंतर, हिरामणदादा टेस्टिंगच्या स्टुलावर बसले आणि भिंतीला टेकले. पोरांना वाटलं डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय. अंत्यविधीला निकिता आली होती. रॉनी बाहेर रस्त्यावर उभा होता. तिला कुणी अडवलं नाही आणि कुणी बोललंही नाही. मी जवळ गेले तर ती एवढंच म्हणाली, "काकू, बाबांनी मला टाकलंच ना." मला वाटलं, अगं, चार वर्षं तुझी मनधरणी केली त्यांनी, आणि आता तू हे बोलतेस? मनातून मी तिच्यावर रागावलेच. देवा, रागावले मी त्या पोरीवर.

डिसेंबरात सँड्रो डबे न्यायला आला. हात जोडून उभा राहिला, डोळे पुसले, काका गेल्याचं वाईट वाटलं म्हणाला. मग म्हणाला, "ताई, या वर्षी काकांचा मिक्स नाही. जुनाच लावीन. काय वाजतो हो, घुंगरू सुरू झाले की पब्लिक वेडं होतं."

मी म्हटलं, "आणि ते सुरुवातीचं बोलणं?"

"कुठलं बोलणं?"

"सुरुवातीचं. नावाचं."

"हां, तो टॅग!" सँड्रो सहज म्हणाला. "तो तर आम्ही कापतो, ताई. दुसऱ्याचा मिक्स वाजवताना पुढचा टॅग, बनवणाऱ्या डीजेचं नाव-बिव, सगळेच कापतात. पहिल्या वर्षी ऐकलं, कुणातरी मुलीचं नाव होतं, वाटलं जाहिरात असेल. मग दर वर्षी बीट जिथून सुरू होतो तिथूनच घेतो. का?"

मी खुर्चीवर बसले. त्याची काय चूक? त्याच्या धंद्यात नाव म्हणजे कापून टाकायची गोष्ट. आमच्या माणसाच्या धंद्यात नाव म्हणजे पहिला मान. तो मान देऊन दादांनी पोरीचं नाव बरोबर तिथे ठेवलं जिथे कात्री चालते. मधे कुठेतरी टाकलं असतं, त्या दमात टाकलं असतं, तर पहिल्याच वर्षी पोहोचलं असतं. आणि मी! मी चार वर्षं डब्यात डोकं घालून त्या पोरीला हाका मारत होते. उरण तासाभरावर, बस जाते, ट्रेन जाते. आवाज दिला, तोंड दिलं, पण उठून गेले का मी एकदा तरी? नाही गेले.

त्याच दिवशी निकिताला फोन केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आली. दादांचा जुना लॅपटॉप टेस्टिंगच्या टेबलावरच होता, कुणी हात लावला नव्हता. मी चारही मिक्स ओळीने लावले, प्रत्येकाचं फक्त पहिलं अर्धं मिनिट. बोनकोड्याची लेक, निकिता. बाय, बरी हायस ना. आज्जी गेली. ये, बाय.

प्रत्येक वेळी बोलणं संपलं की घुंगरं सुरू व्हायची आणि मी बंद करायचे. चौथ्यांदा तिने माझा हात धरला. "राहू द्या," म्हणाली. गाणं वाजत राहिलं. ती डब्याला टेकून खाली बसली.

"काकू, मी नाचलेय यावर. दर वर्षी, सगळ्यात पुढे. रॉनीला म्हटलंसुद्धा, घुंगरू आमच्या बैलांच्या माळेसारखे वाजतात. तो म्हणाला, सगळेच घुंगरू सारखे. मी म्हटलं, असतील."

मग रडली. मी तिला रडू दिलं, माझंही काही धड नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "आवाज तुमचा आहे. बाबांनी स्वतः घेतलं का हो नाव? एकदा तरी?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या माणसाने शब्द पाळण्यात जीव घालवला होता, त्याच्या मुलीशी खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "नाही गं. शेवटपर्यंत नाही." आणि मग मी तिला गेल्या वर्षीची सव्वीस तारीख सांगितली.

जेवणाची सुट्टी होती. मी डिस्पॅचच्या काचेतून बघत होते. हिरामणदादांनी नव्या डबल अठराच्या डब्यात तोच मिक्स लावला होता, अगदी सुरुवातीपासून. डब्यातून माझा आवाज आला, बोनकोड्याची लेक, निकिता, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता. नुसते ओठ, तीन वेळा. नि, कि, ता. मग बीट सुरू झाला. त्यांनी एक तळहात नेहमीसारखा डब्याच्या पाठीवर ठेवला, आणि मोबाइल डब्याच्या वर, समोर दिसेल असा. डबा दणदणत होता, त्याने मोबाइल थरथरायचा आणि सरकत सरकत कडेपर्यंत यायचा. थरथरला की ते झटकन उचलायचे, चष्मा वर करून बघायचे, आणि परत मधोमध नेऊन ठेवायचे. मी उभी राहून मोजत नव्हते, पण गाणं संपेपर्यंत त्यांनी तो कितीतरी वेळा उचलला.